शिरीषाची गाठ

आमच्या दिंडोशीच्या वसाहतीतला जुना शिरीष मागच्या बिल्डिंगवर कलायला लागला, म्हणून सोसायटीने रीतसर परवानगी काढून तो पाडून घेतला. कंत्राटदाराने सरळ ओंडके टेम्पोत भरले आणि खोडावरची गाठ तेवढी मागे टाकली. गाठ म्हणजे झाडाला आलेलं टेंगूळच, पण पाण्याच्या पिंपाएवढं. ती उचलून नेण्याचा खर्च कुणालाच नको होता. माझा नवरा सुयोग म्हणाला, "मी नेतो," तेव्हा लोकांनी त्याचे आभारसुद्धा मानले.

वसाहतीच्या मागेच आमचा लाकूडकामाचा गाळा आहे. सुयोग कापतो आणि जोडतो, मी घासते, पॉलिश करते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. चौघांना हाताशी धरून त्याने ती गाठ गाळ्याच्या दारात आणून ठेवली आणि नव्या नवरीकडे बघावं तसा तिच्याकडे बघत बसला. अशा गाठीच्या आत लाकडाच्या रेषा सरळ जात नाहीत, भोवऱ्यासारख्या फिरतात, आणि कापल्याशिवाय आत काय दडलंय ते कळत नाही. असल्या लाकडाच्या टेबलासाठी लोक वेडे होतात, असं तो मला दिवसातून दहादा ऐकवायचा.

गिऱ्हाइकंही लगेच लागली. जुहूला सजावटीचं दुकान चालवणाऱ्या स्वरदा मॅडमना गाठीच्या फळ्या हव्या होत्या, आणि गाठ मशीनवर उघडताना त्यांना मोबाइलवर शूटिंग करायचं होतं. त्या रविवारी येणार होत्या. घाटकोपरचा एक वखारवाला मात्र गाठ न कापता, आहे तशी, वजनावर घ्यायला तयार होता. त्यात निम्मे पैसेसुद्धा सुटले नसते. सुयोगचं मन फळ्यांवर होतं. ओलं लाकूड उन्हात तडकलं की जळणाच्या भावाने जातं, त्यामुळे त्याला घाईही झाली होती.

मला त्या मशीनची भीती वाटते, हे मी लपवत नाही. पट्ट्यासारखं लांब पातं दोन चाकांवर गरगर फिरतं आणि त्याच्यासमोर माणूस छाती पुढे करून लाकूड ढकलतो. आमच्या समोरच्या गाळ्यातला सहदेव असाच एकदा पेटीच्या फळ्या कापत होता. एका फळीत खिळा राहिला होता. पातं तुटलं आणि तुकडा त्याच्या डाव्या डोळ्यात गेला. आमच्याकडचा टॉवेल मीच त्याच्या तोंडावर दाबून धरला होता, रिक्षा येईपर्यंत. तेव्हापासून ते मशीन सुरू झालं की मी हातातलं काम टाकते आणि ते बंद होईपर्यंत सुयोगच्या पाठीकडे बघत राहते. तो चिडवतो, मी शिव्या देते, पण नजर हलवत नाही.

"गाठीत खिळे नसतील कशावरून?" मी विचारलं.

"अगं, झाड आतल्या चौकात होतं. रस्त्यावरचं असतं तर पाट्या ठोकल्या असत्या कुणी. साल बघ, कुठे एक ओरखडा नाही. मी लोहचुंबक पण फिरवला. उगाच टेन्शन घेते यार तू."

माझे सासरे, धाकू, त्या दिवसांत विचित्र वागायला लागले. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मिळेल ते काम केलं, बोलणं कमी आणि राबणं जास्त असा माणूस. एरवी गाळ्यात फिरकायचेसुद्धा नाहीत. आता मात्र सकाळपासून गाठीसमोर स्टूल टाकून बसायचे आणि सुयोग दिसला की एकच पालुपद. "अख्खी इकून टाक, झिला. कापूच्या भानगडीत पडा नको."

सुयोगला वाटलं, म्हाताऱ्याला वखारवाल्याने चहा पाजलाय.

शुक्रवारी दुपारी सुयोग मशीनला नवीन पातं आणायला गेला. मी सासऱ्यांना चहा दिला आणि समोरच उभी राहिले. म्हटलं, "बाबा, काय आहे ते मला सांगा. मी सुयोगला नाही सांगणार."

त्यांनी चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "गाठीत खिळो असा गो."

"कसला खिळा?"

"सुयोगाचो."

पुढचं त्यांनी तोडत तोडत सांगितलं. सुयोग लहानपणी पडायचा. उभ्या उभ्या ताठ व्हायचा, दातखीळ बसायची, डोळे पांढरे व्हायचे. हॉस्पिटलच्या गोळ्या चालू होत्या, तरी पडायचा. शेवटी त्यांनी गावाहून घाडी आणला. ज्याला बाधा झाली असेल त्याच्यावरून खिळा उतरवून झाडात ठोकतो, तो घाडी. त्याने ती पीडा शिरीषात खिळवून टाकली. सुयोग त्यानंतर कधी पडला नाही. झाडाने खिळा गिळला, वर साल आली, सालीवर गाठ.

"खिळो ज्येचो, तेका कधी सांगूचा नाय. सांगितला तर सैल होता. आणि काढलो, तर जो काढता तेच्या अंगावर येता ती पीडा."

फिट यायच्या हे मला लग्नाआधीच सुयोगने सांगितलं होतं. गोळ्यांनी बरा झालो म्हणाला होता. खिळ्याचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. निदान चहाचा कप विसळेपर्यंत ठेवत नव्हते. मग डोळ्यासमोर चित्र उभं राहिलं. मशीन चालू आहे, सुयोग गाठ पुढे ढकलतोय, आणि पातं खिळ्याला भिडतं. ते नाही झालं तर दुसरं. मी त्याला सांगते, त्याच्या मनात ते बसतं, आणि मशीनसमोर उभा असताना तो ताठ होतो आणि पुढे कोसळतो. सांगितलं तरी तो जातो आणि नाही सांगितलं तरी जातो, अशी ती कोंडी होती. मी नळ चालू ठेवून रडले, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये.

तो परत आला तेव्हा मी बाजू बदलली होती. म्हटलं, गाठ अख्खी विकायची, कापायची नाही. तो आधी हसला, मग ओरडला, मग माझं काय बिनसलंय ते विचारत राहिला. मी कारण सांगितलं नाही, नुसता हट्ट धरला. "मी आतापर्यंत काही मागितलंय तुझ्याकडे? हे ऐक माझं." शेवटी त्याने हात टेकले. वखारवाल्याला फोन मीच लावला.

शनिवारी सकाळी टेम्पो आला. वखारवाल्याबरोबर त्याचा कापणारा माणूस होता, पन्नाशीचा, तंबाखूने दात काळे झालेला, हसरा. त्याने गाठीभोवती एक फेरी मारली, सालीवरून प्रेमाने हात फिरवला आणि मालकाला म्हणाला, "सेठ, आज ही मशीन पे लेता हूँ. मक्खन जैसा कटेगा."

मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. समोरच्या गाळ्याच्या पायरीवर सहदेव चहा पीत बसला होता, एका बाजूला मान वळवून, कारण त्याला दुसरीकडचं दिसत नाही. माझा नवरा वाचवायला मी दुसरीच्या नवऱ्याला पुढे करत होते, आणि हे मला आदल्या दिवसापासून माहीत होतं. फक्त तो माणूस समोर यायचा बाकी होता. दोरी गाठीभोवती बांधून झाली.

"थांबा," मी म्हणाले. "यात खिळा आहे."

"कसला खिळा?" सुयोग म्हणाला. "मी चुंबक फिरवलाय ना."

"खोल आहे. तुझा आहे."

सासरे स्टुलावरून उठले. "गो सुलक्षणा, नको."

पण तोंडातून एकदा सुटल्यावर थांबता येईना. घाडी, झाड, त्याचं पडणं, सगळं मी सांगून टाकलं, सगळ्यांसमोर, सुयोगच्या चेहऱ्यावरून नजर न काढता. तो आता पडेल, आता पडेल, असं वाटत होतं. तो पडला नाही. वखारवाला दोरी सोडवत म्हणाला की घरचा मामला आधी घरात मिटवा, आणि टेम्पो घेऊन गेला.

सुयोग स्टुलाजवळ जाऊन उभा राहिला. मग वडिलांना म्हणाला, "मी गाठ मशीनवर चढवणार होतो, बाबा. आणि तुम्ही गप्प बसला होता."

"तुका सांगितला असता तर..."

"तर काय? फिट आली असती? गोळ्यांनी गेली ती फिट."

सासरे म्हणाले, "असात. पण माझ्यान धीर नाय झालो." त्यांचा आवाज ऐकून मला त्यांचा राग करता येईना. ते तीनचार दिवस स्टूल टाकून बसले होते ते पहाऱ्याला बसले होते.

शेजारच्या बिल्डिंगमधला एक जण मॉलमध्ये सिक्युरिटीला आहे. सुयोगने त्याच्याकडून तपासणीची ती काठी मागून आणली, धातू लागला की ओरडणारी. ती त्याने गाठीवर धरली आणि ती ओरडली. थोडी सरकवली, पुन्हा ओरडली. खाली नेली, बाजूला नेली, मागून फिरवली, आणि ती ठिकठिकाणी ओरडत राहिली. सुयोगने प्रत्येक जागी खडूने फुली मारली. गाठीची एक बाजू फुल्यांनी भरून गेली.

"एकच ना, बाबा?" मी विचारलं.

"आमचो एकच."

आवाज ऐकून तळमजल्यावरच्या मालनआजी बाहेर आल्या. गिरणीच्या चाळीतून सासऱ्यांबरोबरच इथे राहायला आलेल्या. त्यांनी फुल्या बघितल्या आणि पदर तोंडाला लावला. "त्यातलो एक माझो असा," त्या म्हणाल्या. "माझ्या चेडवाचो." म्हणजे त्यांच्या मुलीचा. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या की बाकीच्यांचं त्यांना ठाऊक नाही, घाडी तेव्हा पंधरा दिवस इथे मुक्काम करून होता.

म्हणजे सगळ्यांनीच ठोकले होते. एकाच चौकात राहून, एकाच नळावर पाणी भरून, आपापल्या लेकराचं दुखणं त्याच एका झाडात ठोकून सगळे वर्षानुवर्षं गप्प बसले होते. बोलायचं नाही हा नियमच होता ना. मला वाटलं होतं झाडाला आजार झाला म्हणून गाठ आली. मी त्या गाठीपासून दोन पावलं मागे सरकले आणि सुयोगलाही बाही धरून मागे ओढलं.

खिळे काढायचे ठरले. सासऱ्यांनी एकच अट घातली, खिळ्याला हात फक्त ते लावणार. सुयोगने पटाशीने फुलीभोवती लाकूड कोरत न्यायचं, खिळ्याचं डोकं दिसलं की बाजूला व्हायचं. मग सासरे पक्कड घ्यायचे, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे आणि ओढायचे. भोवतीचं लाकूड लोखंडाने काळं पडलेलं असायचं. दुसऱ्यांच्या पोरांचे खिळेसुद्धा ते स्वतःच्या अंगावर घेत होते, आणि त्यांना त्याची किती भीती वाटत होती ते त्यांच्या मानेवरच्या घामावरून दिसत होतं. मालनआजी हात जोडून उभ्या राहिल्या, पण पुढे झाल्या नाहीत. आपला कुठला ते त्यांना ओळखता येत नव्हतं.

सासरे प्रत्येक खिळा निघाला की तळहातावर फिरवून बघायचे आणि मान हलवून डब्यात टाकायचे. शेवटची फुली कोरून झाली. सुयोगने काठी सगळीकडून फिरवली. एकदाही आवाज आला नाही.

"झालं," तो म्हणाला. "निघाले सगळे. मी मशीन लावतो, तेवढी एक कड उघडून बघू."

"आमचो नाय गावलो," सासरे म्हणाले.

"म्हणजे?"

"हे बाजारातले खिळे. आमचो चौकोनी होतो, लोहाराकडसून घडवून घेतललो. एवढो." त्यांनी बोटं ताणून वीतभर लांबी दाखवली.

सुयोगने पुन्हा काठी फिरवली. गाठ गप्प होती. "गंजून गेला असेल बाबा. इतकी वर्षं झाली." आणि तो मशीनकडे वळला. मला वाटतं तो स्वतःलाही सिद्ध करून दाखवत होता, की आपण नाही घाबरत. त्याचा हात बटणाकडे गेला तेव्हा मी मध्ये जाऊन उभी राहिले, मशीनला पाठ टेकून.

"ही काठी किती खोल बघते?"

"असेल चार बोटं."

"आणि गाठ केवढी आहे?"

"सुलू, बाजूला हो. तू पण आता भुताला मानायला लागलीस?"

"भूत खोटं असेल. खिळा खरा आहे," मी म्हणाले. "बटण दाबायचं असेल तर आधी मला उचलून बाहेर टाक."

तो मला उचलू शकतो, पण त्याने उचललं नाही. त्याचे डोळे बघितल्यावर मला कळलं की तोसुद्धा माझ्याइतकाच घाबरलाय आणि कुणीतरी थांबवावं म्हणून थांबलाय. भिंतीवर दोघांनी ओढायचा जुना आरा टांगलेला होता, दोन्ही टोकांना मुठी असलेली लांब करवत. मी त्याकडे बोट दाखवलं. हाताने कापायचं, लोखंड लागलं तर करवत नुसती अडते, कुणाचा डोळा घेत नाही. एकदा गाठ मधोमध उघडली की आतून काठी फिरवायची आणि मगच काय ते मशीन.

"उद्या स्वरदा मॅडम येणार आहेत," तो म्हणाला.

"येऊ देत. त्यांना म्हणावं, बसा, चहा घ्या. नाहीतर दुसरीकडे बघा."

गाठ आडवी करून दोन्हीकडून ठोकळे लावले. एका टोकाला सुयोग बसला, दुसऱ्या टोकाला मी. आरा मी कधी ओढला नव्हता. पहिल्यांदा मी ढकलत होते, तो ओरडला, "फक्त ओढ, ढकलू नको, परत न्यायचं काम माझं." हळूहळू जमायला लागलं. भुसा ओला होता आणि त्याला आंबूस वास येत होता. सासरे गाठीला टेकून बसले होते, पक्कड मांडीवर घेऊन. खांदे भरून आले, तळहात सोलले. करवत वीतभर आत गेली, त्याहून थोडी जास्त, आणि आतून कर्र असा आवाज आला. करवत जागच्या जागी थांबली.

आम्ही दोघंही मुठी धरून तसेच राहिलो. मशीन असतं तर, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. सुयोगचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी त्याचे डोळे बघत होते, बुबुळं जागेवर आहेत का, जबडा आवळतोय का, मान ताठ होतेय का. असं मी कुणाकडे कधी बघितलं नव्हतं.

"पटाशी दे," शेवटी तो म्हणाला.

खाच रुंद करत खाली जायला त्याला फार वेळ लागला. डोकं दिसलं तेव्हा ते चौकोनी होतं. सासरे उठायला गेले, पण दिवसभर बसून गुडघे धरले होते आणि बोटं पक्कडीवर आवळेनात. "थांब, येतंय," ते म्हणाले. "मी काढतलंय, मी." सुयोगचा हात आपोआप पुढे गेला.

मी त्याचा हात झटकला, सासऱ्यांच्या मांडीवरची पक्कड उचलली आणि खाचेत घातली. विचार केला असता तर घातली नसती. खिळा सहज आला नाही. मी गाठीवर पाय रोवला आणि दोन्ही हातांनी ओढत राहिले, आणि तो निघाला तेव्हा मी मागे धडपडले. काळा, चौकोनी, वीतभर. मी तो डब्यात टाकला नाही, मुठीत धरून ठेवला. मला वाटलं, आता मीच ताठ होऊन पडणार.

सासरे रडायला लागले. "तू कित्याक गो काढलंस? माझा काय, मी म्हातारो. माझो झील होतो तो, माका येवंदे होता काय ता."

"मुलगा तुमचा," मी म्हणाले, "पण नवरा माझा आहे."

सुयोगने माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. मग त्याने काठी खाचेत घालून पाहिली, काठी गप्प राहिली. त्याने करवत पुन्हा खाचेत बसवली आणि त्याच्या टोकाला जाऊन बसला. मी खिळा कमरेला खोचला आणि माझ्या टोकाची मूठ धरली. सुरुवातीचे काही फेरे वाकडे गेले.